एका नागरिकाचा बडग्या

सकाळी साडेनऊला तीन माणसं गेरूचा डबा आणि मोजायची फीत घेऊन विणकरांच्या गल्लीत शिरली आणि अकराच्या आत दोन्ही बाजूंच्या घरांवर लाल फुल्या मारून मोकळी झाली. एक घर तेवढं सुटलं. ते देवरावांचं.

देवराव खिडकीच्या गजांआडून बघत होते. त्यांच्या दाराशी फीत लागली, एकाने आकडा वाचला, दुसरा म्हणाला, "ये बराबर है," आणि डबेवाला पुढच्या घराकडे वळला. देवराव गजांपासून मागे सरले. उभ्या जन्मात आपलं काही बरोबर निघाल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि निघालं ते नेमकं हे.

एकतीस वर्षं देवरावांनी एका सरकारी कचेरीत नकाशांच्या नकला केल्या होत्या. मूळ नकाशावर पातळ कापड अंथरायचं आणि खालची रेघ वर उतरवायची. स्वतःच्या मनाने एकही रेघ ओढायची नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी हळूच एक वही काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'नागपूर शहराच्या सुधारणेविषयी काही नम्र सूचना'. चार वर्षांत सूचना सव्वीस झाल्या. नाग नदीचे काठ बांधून तिथे फुलझाडं लावावीत, प्रत्येक वस्तीत एक वाचनालय असावं, असल्या. दर सूचनेत 'कदाचित', 'शक्य झाल्यास' आणि 'चूक असल्यास क्षमा असावी' हे तिन्ही शब्दप्रयोग असत.

चौदावी सूचना त्यांच्या स्वतःच्या गल्लीची होती. विणकर सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, पसरतात, सुताला खळ लावतात, आणि उन्हात त्यांची टाळकी तापतात. म्हणून गल्लीच्या दोन्ही कडांना कडुलिंब लावावेत. आता झाडं लावायची तर गल्ली किती रुंद आहे हे लिहायला हवं. फीत घेऊन बाहेर पडलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण बाहेर लोक असतात, आणि लोक विचारतात. त्यापेक्षा देवरावांनी आपणच पूर्वी नक्कल केलेला एक जुना नकाशा पेटीतून काढला आणि त्यावरून लिहून टाकलं, 'गल्लीची रुंदी चाळीस फूट'. ते रोज त्या गल्लीतून चालत होते. पण एकतीस वर्षं कागदावर विश्वास ठेवलेला माणूस डोळ्यांवर एकदम कसा ठेवील? नकाशा सुरेख उतरला. अठ्ठावीस झाडांची अठ्ठावीस वर्तुळं. खाली सही केली 'एक नागरिक', सव्वीसही सूचनांची नक्कल पाकिटात घातली, आणि ते आपल्या मोहल्ल्यातल्या टपालपेटीत न टाकता थेट स्टेशनाबाहेरच्या पेटीत टाकून आले.

आठ महिने काही झालं नाही. मग त्र्याहत्तरच्या श्रावणात शहर सुधारणेच्या कचेरीने सव्वीस सूचनांतून अचूक तेवढा एक आकडा उचलला. नकाशात चाळीस फूट, जागेवर बावीस. उरलेले अठरा फूट कुठे गेले? तर ते लोकांच्या छपऱ्यांत गेले होते. पन्नासेक वर्षांपूर्वी एकाने छपरी नऊ फूट पुढे घेतली, त्याला कोणी हटकलं नाही म्हणून दुसऱ्याने घेतली, असं करत अख्खी गल्ली आत आली. देवरावांचे वडील 'कोणाला तरी विचारून घेऊ' म्हणत राहिले आणि तसेच वारले. त्या प्रत्येक छपरीत आता एक खड्डा होता आणि त्या खड्ड्यावर एक हातमाग. घर तोडणार नव्हते. फक्त पोट तोडणार होते.

दुपारी सगळी गल्ली देवरावांच्या दारात जमली. पुढे भैयाजी. त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि गल्लीचं पुढारीपणही त्याच दुकानातून चाले.

"काका, सगळ्याईच्या घरावर फुली, तुमच्या घरावर नाई," भैयाजी म्हणाले.

देवराव म्हणाले, "त्याचं असं आहे, भैयाजी..."

"कसं बी असो. याचा अर्थ एकच. गल्लीत कायद्याचा माणूस तुमी एकटेच. अर्ज तुमीच लिवा. तुमचं आयकतीन ते."

"माहा खड्डा कुठं नेऊ गा मी?" मागून बायजाबाई म्हणाली. ती समोरच्याच घरात राहायची. नवरा गेल्यावर स्वतः मागावर बसली होती. नऊवारी लुगडं विणायची आणि कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. "लुगडं डोक्यावर नेता येते. खड्डा कसा न्यावा मानसानं?"

देवरावांनी अर्ज लिहायला घेतला.

तिसऱ्या दिवशी देवराव आणि भैयाजी कचेरीत गेले. साहेब भले होते. त्यांनी अर्ज वाचला, फाईल मागवली आणि टेबलावर ते नकाशाचं कापड पसरलं.

"आमचं काही नाही हो. एका जागरूक नागरिकाने लक्षात आणून दिलं."

भैयाजी वाकून बघू लागले. "हरामखोर हाये, पन काम काय बारीक हाये साल्याचं!"

"आमच्या खात्यात आता असा हात कोणाचा राहिला नाही," साहेब म्हणाले.

एवढ्या संकटातही देवरावांना आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटली. "उत्तरेचा बाण जरासा वाकडा आहे," ते पुटपुटले.

"छे, अगदी सरळ आहे. बरं, तुमचंही अक्षर छान आहे हं. दोघंही जुन्या वळणाचे दिसता."

"साहेब, हे थांबन कसं, ते सांगा," भैयाजी म्हणाले.

"एकच वाट आहे. त्या नागरिकाने स्वतः यावं आणि लिहून द्यावं, की आकडा मी जागेवर न मोजता जुन्या कागदावरून उचलला. मग सगळं परत मोजावं लागेल, आणि परत मोजायचं म्हणजे दोन-चार वर्षं आरामात जातात. पण पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत हं. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"त्याले आनतोच पाहा मी. पयले तंगड्या तोडतो, मंग आनतो."

साहेबांनी देवरावांकडे पाहून विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय?" देवराव म्हणाले, "नाही." घरी येईस्तोवर ते त्या एका शब्दाकडे परत परत वळून बघत होते.

जेवताना त्यांनी बायकोला, कौसल्याबाईंना, सगळं सांगितलं. कौसल्याबाईंनी ताटातला हात थांबवला नाही.

"मले वाटलंच होतं. स्टेशनावर काहून गेलते तुमी, कोणी पाहुना ना पई. उद्या जा अन् साहेबाले सांगून या. भाकर बांधून देतो."

दुसऱ्या दिवशी देवराव भाकरी घेऊन निघाले. साहेबांकडे माणसं बसली होती. चारचौघांत काय सांगायचं, म्हणून परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच होते. एकटा माणूस कामात असतो, म्हणून परत आले. भाकरी दोन्ही दिवशी जिन्याखाली बसून खाल्ली. मग साहेब दौऱ्यावर गेले तेव्हा देवरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी येताना कौसल्याबाईंसाठी संत्र्याची बर्फी आणली.

"सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"दौऱ्यावर आहेत."

"मंग बर्फी कायची?"

तोवर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे इडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या बायांचे मोठे पुतळे, निघतात आणि त्यांच्यामागे बडगे. वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करायचा, शहरभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. गल्लीने यंदा कोणाचा करायचा यावर चर्चाच झाली नाही. बांबू आणि तणस बांधून नत्थू शिंप्याने 'एक नागरिक' उभा केला. तोंड कोणाला ठाऊक नसल्यामुळे ते कोरंच ठेवलं.

मारबतीच्या दिवशी सकाळीच नत्थू देवरावांच्या दारात. "काका, शिकलेला मानूस हाये तो, तवा कोट पाह्यजे. गल्लीत कोट तुमच्या एकट्याकडं."

देवराव काही बोलायच्या आत कौसल्याबाईंनी निवृत्तीच्या दिवशीचा काळा कोट खुंटीवरून काढून दिला. "घेऊन जा. त्याइले अंगावर घातला की ओझं होते."

"अन् काका, पाटीवर अक्षर तुमचंच पाह्यजे बरं. मी लिवलं होतं, पन लोक हासून राहिले."

नत्थूच्या पाटीवर 'गरिबाच्या पोटावर पाय देनारा येक नागरीक' असं होतं. देवरावांनी ते शुद्ध केलं. सवयीने शब्दांमध्ये सारखं अंतर राखलं, खाली एक बारीक रेघ ओढली. पाटी बडग्याच्या गळ्यात पडली आणि कोट घातलेल्या त्या पुतळ्याचा खांदा देवरावांसारखाच किंचित पुढे झुकलेला बघून कौसल्याबाई आत निघून गेल्या.

मिरवणुकीत देवराव स्वतःच्या मागून चालले. ढोल वाजत होते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" लोक ओरडत होते. बडग्यावर शेण, चपला आणि सडकी केळी पडत होती. दोनदा नेम चुकून देवरावांनाही बसली. "सॉरी काका!" मारणारा म्हणाला. देवराव म्हणाले, "असू दे, असू दे."

जाळायची वेळ आली. भैयाजींनी काडी ओढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवराव लोकांना बाजूला सारून पुढे झाले.

"थांबा! तो नागरिक मी आहे. ते पत्र मी लिहिलं. आकडा माझा आहे."

भैयाजींच्या हातातली काडी विझली. मग नत्थू हसला आणि त्याच्यामागून सगळी गल्ली हसली.

"पाहा, काकाले कोटाचं वाईट वाटून राहिलं!"

"नाही हो, खरंच मी..."

भैयाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, आमच्यासाठी तुमी सोतावर घ्याले निंगाले? देवमानूस हा! पन तुमच्यात एवढी हिंमत असती, तर तुमच्या बापाची छपरी मांगं राहिली असती का?"

त्यांनी दुसरी काडी लावली. तणस ओलसर होती, कोट मात्र चटकन पेटला.

दुसऱ्या दिवशी देवराव दार न ठोकताच साहेबांच्या खोलीत घुसले. "तो एक नागरिक मी," दारातूनच म्हणाले. "आकडा जुन्या नकाशावरून उचलला. लिहून देतो."

साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "विरोधाचा अर्ज तुमचाच आहे ना? आणि मूळ पत्रही तुमचंच म्हणता. गल्लीने तुम्हाला पढवून पाठवलंय, हो ना?"

"माझं अक्षर बघा. हवं तर आत्ता तोच नकाशा काढून दाखवतो." आणि साहेब नको म्हणेपर्यंत देवरावांनी कोऱ्या कागदावर गल्ली काढली, एकेक वर्तुळासकट. साहेबांनी तो कागद मूळ कापडाशेजारी धरला. केसाचा फरक नव्हता.

"वा," ते म्हणाले. "नोकरीत काय करत होता तुम्ही?"

"नकाशांच्या नकला."

साहेबांनी कागद हलकेच परत दिला. "दिसतंच आहे."

पाडापाडी तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी गल्ली नकाशाबरहुकूम चाळीस फूट झाली. माग उघड्यावर पडले. काहींनी ते सरपणाच्या भावात काढले. दोन घरं कन्हानकडे खाणीत मजुरीला गेली. झाडं कोणी लावली नाहीत, आणि ताणा पसरायला एवढी मोठी जागा झाली तेव्हा पसरणारे पाच-सहाच उरले होते.

आठवड्याने बायजाबाई देवरावांच्या घरी आली. बसली नाही.

"तुमीच ना ते?"

"मी सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही."

"मी आयकलं." तिने खोलीवरून नजर फिरवली. गल्लीत आता धड छपरी एवढीच उरली होती. "हे पुस्तकाइचं कपाट मांगं न्या. उद्या खड्डा खंदाले मानसं येतीन."

देवरावांनी नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही तिने जागा ठेवली नव्हती. खड्डा खणला गेला, माग बसला आणि सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत धोटा त्यांच्या कानाशी खटखटू लागला. बायजाबाईने गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही. लोक अजून त्यांना 'देवमाणूस' म्हणत. तिने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं देवरावांना रोज वाटे.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्यांनी वही उघडली. कोपऱ्यात, माग चालू असताना, अगदी हळू. पण माग थांबला.

"काय लिवून राहिले?"

"काही नाही. नदीचं. जुनंच आहे, जरा सुधारून..."

"वाचा."

"'कदाचित शक्य झाल्यास नदीच्या दक्षिण काठावर...'"

"कोन राह्यते तिथं?"

"नकाशात तरी कोणी..." देवराव थांबले.

"पाहून या," बायजाबाई म्हणाली. "मी हाओच इथं."

देवराव चपला घालून गेले. दोन तासांनी चिखलाच्या पायांनी परत आले.

"किती?"

"अकरा झोपड्या. एका ठिकाणी बाळंतीण होती."

बायजाबाईने हात पुढे केला. देवरावांनी वहीतलं पान फाडून तिला दिलं. तिने ते वाचलं नाही, तिला वाचता येतच नव्हतं. चार घड्या घातल्या, खाली वाकली आणि मागाचा एक खुंट आठवडाभर हलत होता, त्याच्या बुडाशी पाचर म्हणून तो कागद टाचेने ठोकून बसवला. खुंट हलवून पाहिला. हलला नाही.

"जमलं," ती म्हणाली आणि धोटा फेकला.

देवरावांनी वहीत बघितलं. अजून पंचवीस सूचना होत्या.