बुटासाठी लागलेली रांग

खरं तर हे लिहिणारच नव्हतो. पण बूट माझे होते.

माझा मित्र निवा पहिल्यांदाच चिनात्सुच्या घरी, तिच्या वडलांना लग्नाचं विचारायला निघालेला. म्हातारा वेळेचा भलताच कडक. निवाकडे धड बूट नाहीत, म्हणून माझे काळे नेले. एक माप मोठे. गाडी बदलायला उतरला, पाय आला वर आणि उजवा बूट गाडी आणि फलाटामधल्या फटीतून खाली रुळांवर.

आमच्याकडे खाली उतरणं म्हणजे अख्खी लाइन बंद. स्टेशनातला माणूस म्हणाला, "लांब चिमटा घेऊन येतो. जागा दाखवायला तुम्ही इथंच थांबा. हलू नका."

निवा फलाटाच्या पार मागच्या टोकाला उभा राहिला, मोजा झाकायला पायावर पाय ठेवून. थोड्या वेळात मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले, हातात मिठाईचा खोका. त्यांच्यामागे एक बाई. मग कॉलेजची पोरं. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली. कुणी सरळ उभा दिसला की आम्ही त्याच्यामागे उभे राहतो. कशासाठी, हे विचारत नाही.

एवढ्यात मागचे गृहस्थ फोनवर हळूच बोलले, "चिनात्सु, रांगेत आहे गं. तो पोरगा वेळेत आला तर बसव. उशिरा आला तर चहासुद्धा विचारू नकोस."

निवाने ओळखलं, हाच तो म्हातारा. वळावं तरी पंचाईत, पळावं तरी एकच बूट.

गाडी आली. सहा डब्यांचीच, त्यामुळे थांबली पार पुढे. रांगेतलं कुणी हललं नाही. पहिला हलत नाही म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार. दारं लागली, गाडी गेली.

गृहस्थ खाकरले. "अहो, तुम्ही नक्की कुठल्या गाडीला थांबलाय?"

"मी बुटाला थांबलोय," निवा म्हणाला.

तेवढ्यात चिमटेवाला आला. बूट वर काढून, रुळांकडे बोट करून खणखणीत आवाजात म्हणाला, "बूट वर. रूळ मोकळा." रांग फोनमध्ये डोकं घालून गुपचूप पांगली. खोकेवाले सगळ्यात आधी.

निवा पुढच्या गाडीने गेला, मुद्दाम शेवटच्या डब्यातून. तरी दारात तो आणि म्हातारा एकदमच पोचले.

"दोघंही उशिरा?" चिनात्सु म्हणाली.

निवा बूट काढायला वाकला. उजवा आपोआपच निघाला. म्हाताऱ्याने त्या बुटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाडी उशिरा होती," म्हातारा म्हणाला.

"फारच," निवा म्हणाला.

चिनात्सुने फोन काढला. "सगळ्या वेळेवर दाखवतंय की."

"पोराला आधी चहा दे," म्हातारा म्हणाला.

पुढच्या महिन्यात लग्न आहे, मित्रांतर्फे भाषण माझं. निवाला शब्द दिलाय: भाषणात गाडी उशिराच होती.