अयूब होडेकरची मिनिटामिनिटाची सहल

सहल कशी काढायची हे अख्ख्या रत्नागिरीत एकट्या अयूब होडेकरला कळतं, असं अयूब होडेकरचं स्पष्ट मत होतं. आणि हे मत तो कुणी न मागता द्यायचा.

मस्कतला आठ वर्षं त्यानं टुरिस्ट बस चालवली होती. गोऱ्या लोकांना सकाळी उचलायचं, डोंगरातली पडकी गढी दाखवायची, दुपारी जवळचं शहर फिरवायचं आणि संध्याकाळी हॉटेलच्या दारात मोजून सोडायचं. गाइड नऊ चाळीस म्हणाला की नऊ चाळीसला दार बंद. एकदा एका म्हाताऱ्या बाईंची टोपी गढीत राहिली, तर टोपी पुढच्या फेरीला आली. ही गोष्ट अयूब अशी सांगायचा, जणू ती वेळ त्यानंच लावून दिली होती.

"आणि आपल्याकडे?" तो बायकोला म्हणायचा. "आठचा मुहूर्त म्हटला की आठला नवरदेव अंघोळीला जातो."

"आपलं लग्न दीड तास उशिरा लागलं ते तुमच्यामुळं," खतिजा म्हणायची, आणि विषय तिथंच मिटायचा.

तर असा हा अयूब दोन हजार एक साली सुट्टीवर आला आणि आता परत जायचं नाही म्हणून हटून बसला. कारण झारा. सात वर्षांची त्याची मुलगी. मस्कतहून तो तिला कॅसेटी भरून पाठवायचा, बेटा अभ्यास कर, बेटा आम्मीला त्रास देऊ नको. आला त्या दिवशी ती त्याच्याकडे बघेना. तो पडद्याआडून "झारा बेटा" म्हणाला, तशी पोर धावत आली आणि टेपरेकॉर्डरजवळ जाऊन बसली. अयूबला ते फार लागलं. तो मागच्या पडवीत जाऊन बराच वेळ नारळ सोलत बसला.

मस्कतच्या कंपनीनं महिन्याची मुदत दिली होती. येतोस, की दुसरा ड्रायव्हर घेऊ? म्हणजे महिन्याच्या आत इथं काहीतरी जमवायला हवं होतं. त्यानं एक जुनी तेरा सीटांची गाडी घेतली आणि मुंबईच्या एका सहल कंपनीला पत्र धाडलं. एक दिवसाची सहल, गाइडसहित, सकाळी प्राचीन भग्न मंदिर, दुपारी रत्नागिरी शहर. कंपनीचं उत्तर आलं, आमचा माणूस अकरा प्रवासी घेऊन येईल, त्याला पसंत पडलं तर वर्षाचं काम तुमचं.

भग्न मंदिर त्यानं आधीच हेरून ठेवलं होतं. राजापूरच्या अलीकडे कातळावर आंबेकोंड नावाची वाडी. तिथं झाडीत एक देऊळ पडलंय. पडलंय म्हणजे अगदी मनासारखं पडलंय. निम्मे खांब उभे, निम्मे आडवे, भिंतींवर शेवाळ, गाभाऱ्यात मूर्ती नाही आणि वडाच्या मुळ्यांनी कोरीव दगड आवळून धरलेले. जाणकार म्हणायचे, हजार वर्षांचं असेल. वाडीतले म्हणायचे, असेल बाबा, आणि तिथं बैल बांधायचे.

सहलीच्या पंधरा दिवस आधी अयूब वाडीचे मानकरी भागोजी यांच्या ओटीवर जाऊन बसला. आपली सगळी कहाणी त्यांना सांगितली, अगदी टेपरेकॉर्डरसकट. भागोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. उठता उठता अयूब म्हणाला, "दादा, मुंबईचे पाहुणे येतायत. तिथं जरा नीट असू दे हां."

त्याला म्हणायचं होतं, शेण तेवढं काढा. पण पाहुणा येणार म्हटलं की आठ दिवस आधी अंगण चोपायला घेणाऱ्या माणसाला हे बोलून तो निर्धास्त घरी आला. आता काय म्हणावं?

सहलीच्या रविवारी वेळापत्रकाची एकेक प्रत प्रत्येक सीटवर ठेवलेली होती. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून करून घेतलेली. अयूबच्या गळ्यात शिट्टी होती. सातला निघायचं होतं, ते सात अठराला निघाले. कागदावर 'हातखंबा, चहा, दहा मिनिटे' असं होतं. साखर कमी, साखर जास्त, बिनसाखरेचा कुणाचा, यातच बारा गेली. नंतर एका गृहस्थांनी दुसरा चहा मागवला, कारण पहिला ते चवीनं प्यायलेच नव्हते म्हणे. अयूब शिट्टी वाजवत होता, आणि हायवेवरचे ट्रकवाले उगाचच गाड्या बाजूला घेत होते.

पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस, अनिश. तिशीचा, पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात वही. बोलायचा काही नाही, नुसता लिहायचा. अयूबचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं त्या वहीवर होतं. मागं मालिनीबाई बसल्या होत्या, ठाण्याच्या निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलेला.

"गाइड, जोतं कुठल्या दगडाचं आहे? खांब एकसंध आहेत का?"

"मॅडम, सगळं समोरच दाखवतो. असं देऊळ तुम्ही उभ्या जन्मात बघितलं नसेल."

एवढं एक वाक्य त्या दिवशी शंभर टक्के खरं ठरलं.

आंबेकोंडला पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. वाडीच्या तोंडाशी केळीचे खांब, पताका आणि ढोल. बायकांनी एकेकाला ओवाळलं, कुंकू लावलं. तेरा जणांचं ओवाळणं म्हणजे पंचवीस मिनिटं. अयूबच्या वेळापत्रकात 'ओवाळणे' हा रकाना नव्हता. तो टाचा उंचावून झाडीकडे बघत होता. पण झाडी दिसेना. वड दिसेना. देऊळ तर कुठंच दिसेना.

"भागोजीदादा, देऊळ कुठं गेलं?"

"ह्या काय समोर," भागोजी म्हणाले, आणि कृतार्थ होऊन हसले.

समोर एक पिवळीधमक इमारत होती. जोतं चॉकलेटी. खांब पिवळे, वर हिरवे पट्टे. आडवे पडलेले खांब सिमेंट लावून उभे केलेले, त्यातला एक उलटा. कोरलेल्या बायकांना लाल ओठ, निळ्या चोळ्या आणि एकीला मनगटावर घड्याळ. हत्तींना पांढरे डोळे काढले होते, त्यामुळं सगळे हत्ती अयूबसारखेच दचकलेले दिसत होते.

"दादा, हे काय केलंत?"

"पावने येनार म्हंटल्यावर असा पडका दाखवायचा? आमाला काय लाज नाय? मुंबयला कामाला गेलेल्या आमच्या पोरांच्या मंडळाला फोन केला. त्यांनी एस.टी.च्या टपावरनं रंगाचे डबे धाडले. अख्खी वाडी आट दिवस राबली, अयूबशेट. तुज्यासाटी. येक दगड जुना ठेवला नाय."

भागोजींच्या केसांना पिवळा रंग होता. मागं उभ्या असलेल्या बायकांच्या हातांना चॉकलेटी रंग होता. आठ दिवस भाजावळ, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायचं काम, सोडून ही माणसं त्याच्यासाठी राबली होती. अयूबला रडावं की पाया पडावं कळेना. पण अनिश वही उघडत होता, म्हणून त्यानं घसा साफ केला.

"तर मंडळी, हे आपलं प्राचीन मंदिर. साधारण हजार वर्षं..."

"हा रंग?" मालिनीबाई.

"मूळचाच, मॅडम. त्या काळी वनस्पतींपासून..."

मालिनीबाईंनी खांबाला बोट लावलं. बोट पिवळं झालं. त्यांनी त्याचा वास घेतला आणि अयूबकडे चाळीस वर्षांच्या अनुभवानं बघितलं.

"कोनी हात लावू नका, दुसरा हात कालच मारलाय," भागोजी कौतुकानं ओरडले.

पण उशीर झाला होता. नीट लिहिता यावं म्हणून अनिश जोत्यावर टेकला होता. तो उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पँटीवर हजार वर्षांचा इतिहास चॉकलेटी रंगात उमटलेला होता.

मग रॉकेल आलं. पँट उतरवली गेली. चार बायका ती घासायला बसल्या, आणि मुंबईच्या कंपनीचा प्रतिनिधी भागोजींच्या ठेवणीतल्या लुंगीत चौकोनी चेहरा करून उभा राहिला. अयूब घड्याळ बघत होता. अकरा पंधराला निघायचं होतं. बारा वाजून गेले होते.

"दादा, आम्ही निघतो आता. शहर बघायचं राहिलंय."

"निघतो?" भागोजींना शब्दच समजला नाही. "जेवल्याबिगर?"

मांडवात पंगत मांडलेली होती. पण पंगतीआधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. गाभाऱ्यात मूर्ती नव्हती, पण देव ऐकतो एवढं भागोजींना पुरेसं होतं. नारळ हातात घेऊन ते उभे राहिले आणि खड्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही मुंबयची पावनी तुज्या दारात आली हायत..."

"व्हय म्हाराजा," अख्खी वाडी म्हणाली.

"ह्यो अयूब आट वर्सा परमुलखात ऱ्हायला. त्याची पोर त्याला वळखत नाय. त्याला परत जायाला लावू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अयूबला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. घरातली गोष्ट, ती अशी ढोलाच्या साक्षीनं. त्यानं मान वर केली नाही.

"ह्या लुंगीवाल्या सायबाच्या मनात काय वाकडा आसल, तर ता सरळ कर."

"व्हय म्हाराजा." या वेळी त्यात मालिनीबाईंचाही आवाज होता. त्यांनी डोळे पुसलेले अयूबनं चोरून पाहिले. अनिश लुंगीची गाठ धरून आभाळाकडे बघत होता.

जेवण झालं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, सोलकढी. वाढणाऱ्या बायका नाही म्हटलं की दोन वडे घालत आणि हो म्हटलं की चार. दुसरा चहा मागवणारे गृहस्थ तिथंच लवंडले. गाडी निघाली तेव्हा चार वाजले होते.

शहर अयूबनं धावत्या गाडीतून दाखवलं. "डावीकडे थिबा राजवाडा. गेला. तो लांब किल्ला. तोही गेला." मागं सगळे घोरत होते. भाट्याच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा सूर्य बुडून चुकला होता. सूर्यास्त हा वेळापत्रकातला शेवटचा रकाना, तोही हुकला. अयूबनं गळ्यातली शिट्टी काढून डॅशबोर्डवर टाकली. आता मस्कत. आता परत कॅसेटी.

अनिश लुंगी सावरत त्याच्याजवळ आला. त्या दिवसातलं हे त्याचं पहिलंच पूर्ण वाक्य होतं.

"होडेकर, माणसं खूश आहेत. जेवण करणाऱ्या बायकांचे पत्ते मागतायत. पण ते देऊळ चालणार नाही. पुढच्या रविवारी आमचे साहेब स्वतः येतील. त्यांना जुन्याचा नाद आहे. दुसरं एखादं आहे का? पडकं?"

"आहे ना," अयूब म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला. "आंबेकोंडच्या पलीकडच्या वाडीत. याच्यापेक्षा जास्त पडकं."

"मग एक करा. कुणाला काही सांगू नका."

अयूबनं खरंच तोंड शिवलं. खतिजाला सोडून कुणाला बोलला नाही. सोमवारी त्यानं मस्कतला फोन करून दुसरा ड्रायव्हर घ्या म्हणून कळवलं, आणि झाराला स्वतः शाळेत सोडायला गेला. ती रस्ताभर त्याला एकेक प्रश्न विचारत होती, आणि कॅसेटमधल्या माणसानं उत्तर द्यावं याची तिला भारी मजा वाटत होती.

बुधवारी सकाळी फोन वाजला. पलीकडच्या वाडीचे महिपत बोलत होते, आणि रागावून बोलत होते.

"अयूबशेट, भागोजीच्या दारात पावने आले, गाऱ्हाना झाला, पंगत झाली. आमी काय मेलो? ह्या रविवारी पावने आमच्याकडं."

"महिपतदादा, तेच मी..." अयूब खूश होऊन म्हणाला आणि मधेच त्याला भागोजींचा उलटा खांब आठवला. "देवळाला हात नाही ना लावलात?"

"हात? भागोजीनं नुस्ता रंग दिला. आमी कालच वरचा सगळा पडका पाडून टाकला. नवीन बांधतो, टाइल्स लावून. पाया तेवढा ऱ्हायलाय, तो आज काढतो."

अयूबनं फोन ठेवला. खतिजानं त्याच्या तोंडाकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि स्कूटरची किल्ली त्याच्या हातात दिली.

"पाया राहिलाय म्हणाले ना? मग इथं काय उभे राहिलाय?"

अयूब वेळेत पोचला. आयुष्यात एकदाच. दोन माणसांच्या हातातल्या पहारी त्यानं अक्षरशः धरून ठेवल्या आणि चार दिवस पायावर पहारा दिला.

रविवारी साहेब आले. पांढऱ्या दाढीचे, गळ्यात कॅमेरा. पाया बघून ते गुडघ्यावरच बसले. दगडावरून हात फिरवला. हात स्वच्छ राहिला. अयूब खाली वाकून बघत होता, तेव्हा साहेबांनी वर बघितलं.

"अद्भुत आहे. पण वरचं बांधकाम कधी पडलं असावं? तुमचा काय अंदाज?"

अयूबनं शतकं पाठ केली होती. पण चार दिवसांचं जागरण, समोर महिपत हात जोडून उभे, आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"मंगळवारी."

साहेब असे खो खो हसले की त्यांना धरून उठवावं लागलं. असा हजरजबाबी गाइड त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. वर्षाच्या कराराचा कागद त्यांनी त्याच पायावर ठेवून सही केला.

आता दर रविवारी अयूब तिथं गाडी घेऊन जातो. कुणी ना कुणी तोच प्रश्न विचारतं, अयूब प्रामाणिकपणे तेच उत्तर देतो, आणि सगळे पोट धरून हसतात. महिपत तेवढे हसत नाहीत. ते पंगतीच्या तयारीला निघून जातात.