काझी सरांच्या फ्लॉपीला कुंकू

काझी सर 'धरा' म्हणले की म्या दोन्ही हात पुढं करायचो.

पयल्या दिवशी तसंच झालं. आमी फाट्यावर एसटीची वाट बघत हुबे. सर म्हणले, "बबनराव, धरा, गाडी आलीच नाही..." म्या हात केले, पण धरायचं काय? सरांपाशी निसती छत्री. म्या ती धरली.

"छत्री नाही मियाँ, मनात धरा!"

तवा कळलं, गणितवाली माणसं जे धरायचं ते मनात धरत्यात. पण हाताची खोड काय गेली न्हाय.

सर आमच्या साखर कारखान्याच्या शाळंत गणित शिकवायचे. म्या तिथंच शिपाई. जलमात तेवढ्याच शाळंत गेलो, तेबी घंटी बडवायला. बाकी मास्तर मला 'ए बबन्या' म्हणायचे, सर तेवढे बबनराव. त्यांचं सगळ्यांसंगंच अहो-जाहो. वर्गात शेळी घुसली तर म्हणायचे, "तुम्ही बाहेर व्हा." शेळी कशाची जाती! मग म्या हाकलायला जायचो, अन ती माझंच धोतर चघळायची.

जेवतानाबी तेच. "धरा, ही भाकर पूर्ण गोल आहे..." भाकरीचं गणित हुईस्तवर कालवण गार.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला. उभ्या उसाची चिपाडं झाली, कारखान्याचं धुराडं गप. कचेरीत नवा कंप्युटर आल्याला, त्योबी आमच्यावानी बसून पगार खाणारा. तेवढ्यात सरांच्या पुण्याच्या दोस्तानं गणिताच्या दोन फ्लॉप्या धाडल्या. फ्लॉपी म्हंजे काळं चौकोनी पाकीट, आत पापडावानी चकती.

"ह्यात गणित आहे," सर म्हणले.

म्या उन्हात धरून बघितलं. काय दिसलं न्हाय.

"हे कंप्युटरात घातलं की त्याला गणित येतं."

"सर, माझ्यात घालता येतंय का?"

सरांनी मला वरपासनं खालपतूर नीट बघितलं. "जागा आहे," म्हणले, "पण दार सापडत नाही."

कचेरीचे जाधवसाहेब मिशीनला कुणाला हात लावू द्यायचे न्हायत. सरांनी त्यांच्याकडं लई खेटं घातलं. शेवटी साहेब वैतागून म्हणले, "येता एक रविवार देतो सर. दिवस मावळायच्या आत तुमचं गणित चाललं, तर दर रविवारी येऊन बसा. न्हाय चाललं तर ह्या खोलीचं नाव काढायचं न्हाय."

सर ईदची शेरवानी घालून आले. अन मला मदतीला घेतलं, हीच त्यांची चूक.

आता मला सांगा, घरात नवी वस्तू आली तर आपुन काय करतो? ट्रॅक्टर आला, कुंकू. इंजिन आलं, कुंकू. सर हात धुवायला गेले तवर म्या बोट भिजवून दोन्ही फ्लॉप्यांना ठसठशीत कुंकू लावलं. पाकिटाला एक लांबुळकी खिडकी हुती, आतली चकती दिसायची. तीच जागा मला कपाळावानी वाटली.

सरांनी फ्लॉपी घातली. मिशीन करकर करकर कराय लागलं, जात्यात खडा आल्यावानी. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं.

"वाचता येत नाही म्हणतंय," सर म्हणले.

"मलाबी येत न्हाय. वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."

सरांनी फ्लॉपी बाहेर काढली. कुंकू बघितलं. मग मला बघितलं.

"बबनराव, हे काय?"

"येडेश्वरीच्या देवळातलं हाय सर. पावतंय."

"पावलं," सर म्हणले. "दुसरीलापण?"

"एकीला लावून दुसरीला कसं सोडायचं?"

दुसरा मास्तर असता तर मला पायरीवरनं खाली घातलं असतं. सर निसते म्हणले, "स्पिरिट आणा." म्या कारखान्याच्या लॅबमधनं आणलं. सर कापसाच्या बोळ्यानं पुसत बसले. चकती जराशी फिरवायची, पुसायचं, पुन्हा फिरवायची. तान्ह्या लेकराचं डोळं पुसावं तसं. म्या फुकर मारायला वाकलो तर म्हणले, "तुम्ही श्वाससुद्धा तिकडं तोंड करून घ्या."

घातली. करकर. पुसली, घातली. करकर. उन्हं कलली. सरांच्या शेरवानीच्या बाह्या लालेलाल. जाधवसाहेब किल्ल्या वाजवीत दारात येऊन हुबे ऱ्हायले.

सरांनी आणिक एकदा घातली. ह्या टायमाला करकर न्हाय, निसती गुरगुर. मग दुसरी घातली, तीबी चालली. पडद्यावर एक ठिपका उघडझाप कराय लागला. सरांनी एकेका बोटानं एक गणित टिपलं. मिशीननं जरा इचार केला, एक ओळ लिव्हली, अन गप झालं. पुढं हालंना.

"बंद पडलं न्हवं?" साहेब म्हणले. "चला, उठा आता."

"बंद नाही साहेब. विचारतंय."

"काय इचारतंय?"

"क्ष शून्याच्या वर आहे, खाली आहे, का शून्यच आहे? ते सांगितल्याशिवाय पुढं जात नाही म्हणतंय."

"मग सांगा की!"

सरांनी बोट उचललं, पण टेकवलं न्हाय.

"सांगतो. जरा थांबू द्या. रोज तास संपताना मी पोरांना म्हणतो, विचारा रे काहीतरी. पोरं दाराकडं बघत बसतात. नोकरी सरत आली साहेब. गणितातलं मला कुणी आजच विचारलंय."

साहेबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, अन तंबाखू मळत बाहेर वट्ट्यावर जाऊन बसले.

सर त्या ओळीकडं बघतच ऱ्हायले. म्या घसा खाकरला.

"सर, अन त्यो क्ष शून्यच निघाला तर?"

सर खुर्चीसकट माझ्याकडं वळले. चष्मा पुसला. अन सांगाय लागले. हातवारे करून, टेबलावर स्पिरिटच्या बोटानं रेघा मारून. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हवतं. मधीच बाहेर टँकरचा हॉर्न झाला. आठवड्यानं टँकर आल्याला, बाया-माणसं घागरी घेऊन पळाय लागली, माझी कारभारीण लांबनं 'अवं, कुठं मेला' म्हणून वरडतीया.

म्या खुर्ची पुढं वढली.

"मग?" म्या म्हणलं. "पुढं काय हुतंय सर?"