शनिवारचा धूर

पालिकेच्या हवा खात्यातल्या झोरकाच्या न्यूरल नेटवर्कनं सांगितलं, की येत्या शनिवारी शहराच्या हवेतला कार्बन दीडपट होणार. नगराध्यक्ष ब्लागोयेंनी कॉफीचा कप बाजूला सारला. निवडणूक तोंडावर आली होती.

"पण का होणार?"

"ते कारण सांगत नाही, साहेब. जुने आकडे शिकतं आणि पुढचा आकडा सांगतं."

"म्हणजे माझ्या सासूबाईच! कारण नाही, थेट निकाल." त्यांनी टेबलावर थाप मारली. "शनिवारी गाड्या बंद. कारखान्यालाही सुट्टी!"

"अहो, मग भाकीत खोटं ठरेल ना!"

"ठरू दे. खोटं ठरलं तर तुझं खातं बंद होईल, खरं ठरलं तर माझी खुर्ची जाईल. तूच सांग, मला काय परवडेल?"

शनिवारी सकाळी रस्ते ओस पडले होते आणि पडद्यावरचा आकडा तळाला गेला होता. हवा स्वच्छ व्हावी म्हणून पगार घेणारी झोरका संत निकोलाला धुरासाठी साकडं घालू लागली. जीव ओतून उभं केलेलं खातं होतं बिचारीचं.

दहाच्या सुमाराला आकडा हलला. मग चढला, आणि चढतच सुटला. ती खिडकीकडे धावली, तर अख्ख्या गल्लीत अंगणोअंगणी चुली पेटलेल्या आणि त्यांवर तांबड्या ढबू मिरच्या तडतडत होत्या.

"स्तामेनाकाकू, हे काय?" तिनं समोरच्या अंगणातल्या काकूंना विचारलं.

"आयवार! मिरच्यांच्या या चटणीची वर्षाची बेगमी नको का? मिरच्या भाजायला दरसाल हाच कोरडा शनिवार गाठतो आम्ही. पण निम्मे पुरुष गाडी काढून पळतात गं. यंदा अध्यक्षांनी एकेकाला घरी डांबलंय, म्हणून चुलीही जास्त. देव त्यांचं भलं करो!"

आयवारचा शनिवार यंत्राला आकड्यांवरून ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो अध्यक्षांचा हुकूम. दुपारपर्यंत आकडा दीडपट ओलांडून दुपटीवर गेला. भाकीत चुकलं ते चुकलंच. झोरका राजीनामा द्यायला तडक ब्लागोयेंच्या घरी गेली.

ते अंगणात कोपरापर्यंत काळे होऊन मिरच्या सोलत बसले होते.

"हात चालव, भाषण नंतर!" आतून बायको ओरडली.

"दुप्पट झाला, साहेब. चुकलं माझं."

ब्लागोयेंनी शेजाऱ्यांच्या धुराकडे पाहिलं, मग स्वतःच्या चुलीकडे. "दीडपट तुझं बरोबरच होतं गं. वरचं माझ्या हुकमाचं. खातं राहील चालू. बस, सोलायला लाग."

झोरकाला इतका आनंद झाला, की पहिल्याच मिरचीनं बोटं भाजली तरी ती हसत होती.

सोमवारी ब्लागोयेंनी पत्रकारांना छातीठोकपणे सांगितलं, "शनिवारी गाड्यांचा धूर आम्ही शून्यावर आणला!"

पत्रकारांनी ते मुकाट लिहून घेतलं. त्यांच्याही नखांत काजळी होती.