भिकाजीपंतांचं इंग्रजी

बायकोच्या तेराव्या दिवशी भिकाजीपंतांना कर्जत स्टेशनावरच्या तारबाबूंचं सांत्वनाचं पत्र आलं. इंग्रजीत. पंतांनी ते वाचलं, उपरण्याने डोळे पुसले, आणि भटजी पानावर बसलेले असताना आत जाऊन दौत-टाक घेऊन आले. पत्रातल्या 'बिग सॉरो'मधला 'बिग' त्यांनी खोडला, वर 'डीप' लिहिलं आणि पत्र सुधारून परत धाडलं. मी शेजारीच बसलो होतो. मला म्हणाले, "रावजी, इंग्रजीत दुःख मोठं नसतं. खोल असतं. मोठा बैल असतो." तारबाबूंनी त्यानंतर पंतांशी बोलणं टाकलं. त्यांची काही चूक नव्हती.

भिकाजीपंत खालापूरचे अर्जनवीस. महालकऱ्यांच्या कचेरीसमोरच त्यांची ओटी होती आणि त्या ओटीवर बसून ते लोकांना इंग्रजी अर्ज लिहून देत. मी त्या कचेरीत आल्यागेल्या कागदांची नोंद ठेवणारा कारकून. तेव्हा आमचा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. आमच्याकडून कागद कर्जतला जाई, कर्जतहून ठाण्याला, आणि तिथल्या साहेबाला लहर आली की त्याच वाटेने परत येई. माणसं मरत, कागद चालत राही.

पंतांना एकच वेड. दोन इंग्रजी शब्द शेजारी ठेवण्याआधी ते दोघांची पुरी चौकशी करत. शब्द मोठ्याने म्हणत, मान कलती करून ऐकत, आणि मग निकाल देत, "छे! हे नांदणार नाहीत." साहेबाची जात जे दोन शब्द जोडीने बोलते तेच जोडीने लिहायचे, मराठीतून उचलून नेलेली जोडपी चालायची नाहीत, हा त्यांचा धर्म. ही खोड मग इंग्रजीपुरती राहिली नाही. माझ्या घरी जेवायला आले की वालाच्या बिरड्याशेजारी आंब्याचं लोणचं पाहून हळहळत, "वहिनी, नांदणार नाहीत हो." माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नाव विचारून, माझ्या नावाशेजारी चारदा म्हणून पाहून, ते काहीच बोलले नव्हते. ते मला अजून लागून आहे.

त्यांचा प्रतिस्पर्धी बाबाजी मुनशी. मुनशी पिंपळाच्या पारावर बसे आणि अर्जाला हात घालण्याआधी दोन्ही बाह्या सरसावे. 'आपल्या चरणकमलांच्या छत्रीखाली लोळण घेणारा अर्जदार' हे त्याच्या इंग्रजीचं आरंभीचं वाक्य. ते ऐकून पंतांना खरोखर ओकारी यायची. "पायांना छत्री! अहो, कमळाचे पाय, पायांना छत्री, आणि तिच्याखाली लोळण! हा अर्ज आहे की जत्रेतला अपघात?" पण लोकांना मुनशीचंच इंग्रजी आवडे. ते लांब असे, वाचताना तोंडातून थुंकी उडे, आणि दिलेल्या पैशाचं चीज झाल्यासारखं वाटे. पंतांचा अर्ज म्हणजे पाच-सहा ओळी. लोक कागद उलटा करून पाहत आणि विचारत, "पंत, बाकीचा कुटं हाय?"

पंत म्हणत, "स्पष्ट लिहिलं की साहेबाला न्याय द्यावाच लागतो." हे वाक्य ते इतक्या विश्वासाने म्हणत की मी विषय बदलत असे. कारण कागद माझ्या हातून जात होते. पंतांचा अर्ज साहेबाला एका वाचनात कळे. कळे म्हणूनच साहेब एका शब्दात उत्तर देई. नामंजूर. भाताची रोपं लावायची जमीन भाजायला, राबासाठी, जंगलखात्याने झाडांचे टाहाळ तोडू द्यावेत, नामंजूर. गुरांना रानाची वाट सोडावी, नामंजूर. मुनशीचा अर्ज मात्र साहेबाला काही केल्या उमजत नसे. तो त्यावर लिही, 'अर्जदाराचं म्हणणं काय आहे ते कळवावं.' मग कागद ठाण्याहून कर्जतला, कर्जतहून खालापूरला. मुनशी पुन्हा लिही, ते आणखी गहन असे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत जंगलच्या शिपायांनी कोणाला हात लावायचा नाही, असा शिरस्ता. तेवढ्यात गडी टाहाळ तोडून, राब भाजून, भात लावून मोकळा होई.

कुळवाड्यांना हे आमच्या कचेरीच्या आधी समजलं. कुंभिवलीकडचा एक म्हातारा मला म्हणालाच, "साहेबाला कळलं की आमी मेलो, दादा. नाय कळलं तवर जगतो." पंतांना हे सांगायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकं आटत गेली आणि पंत समजत राहिले की लोकांना चांगल्याची पारख नाही.

टिकून राहिली ती एकटी भागी. डोंगराच्या पायथ्याची कुणब्याची विधवा, पंतांकडे लाकडाची मोळी टाकायला यायची. मोळी उतरवली की ती ओटीखाली टेकायची आणि पंत तिला ताजा अर्ज इंग्रजीतून वाचून दाखवायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण पंतीण गेल्यापासून त्या घरात माणसाचा आवाज ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. पंत मधेच थांबून विचारत, "भागे, कंटाळलीस?" ती म्हणे, "वाचा वो. बसलेय मी."

त्या भादव्यात जंगलखात्याने रानाची नवी हद्द आखली आणि भागीचं डोंगरउतारावरचं वरकस रान हद्दीच्या आत गेलं. त्यावर तिची नाचणी उभी होती. घरात दुसरा दाणा नव्हता. पिकासकट रान सोड, असा हुकूम. ती नोटीस घेऊन थेट पंतांच्या ओटीवर आली. लोकांनी तिला मुनशीकडे जा म्हणून सांगितलं होतं. "मी लाकडं हितं घालते," ती म्हणाली, "मंग अर्ज दुसऱ्याकडं कशापाय करू?"

त्या दिवशी मात्र माझ्याने राहवलं नाही. भागी गेल्यावर मी ओटीवर चढलो आणि पंतांना सगळं सांगून टाकलं. तुमचं इंग्रजी साहेबाला कळतं म्हणूनच तुमची माणसं बुडतात, असं चक्क तोंडावर सांगितलं. मला वाटलं, पंत मला हाकलतील. ते नुसते टाकाचं टोक पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचा गळा स्वच्छ कापत होतो म्हणा."

दुसऱ्या दिवशी भागीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अक्षर पंतांचं, मोत्यासारखं. मजकूर वाचून मी घाबरलो. साहेबांच्या दयेला त्यात 'खवळलेली' म्हटलं होतं, नाचणीला 'राजनिष्ठ', आणि भागीला 'उत्तम शिजवलेली विधवा'. वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा थांग नव्हता. मुनशीने आयुष्यात एवढं वाईट लिहिलं नव्हतं. मुनशीचं वाईट आपोआप यायचं, हे एकेक शब्द निवडून, त्याचा वैरी शोधून, शेजारी आणून बसवलेलं होतं. पंतांचे डोळे लाल झाले होते. "रावजी," ते म्हणाले, "यातलं एकही जोडपं नांदणार नाही. धाडा." मला हसू आलं आणि त्याच हसण्याची लाजही वाटली.

कागद गेला, 'म्हणणं काय आहे ते कळवावं' असा शेरा घेऊन दसऱ्यानंतर परत आला. पण दिवाळी सरते न सरते तोच साहेबाचा दौऱ्याचा मुक्काम यंदा लवकरच खालापूरच्या आमराईत पडला. तंबू ठोकले गेले, पट्टेवाले उभे राहिले आणि साहेबाने पंतांनाच बोलावणं पाठवलं. कागद घेऊन मीही गेलो. बाहेर अर्धं गाव जमलं होतं, पुढे मुनशी.

साहेबाने अर्ज मोठ्याने वाचला. 'उत्तम शिजवलेली विधवा' आली तेव्हा साहेब हसला आणि त्याचे शिरस्तेदारही तोंडाला रुमाल लावून हसले. बाहेर कोणाला काय कळलं कोण जाणे, पण साहेब हसला म्हणून तिथले लोकही हसले. मग साहेब गंभीर झाला. या तालुक्यात वाचावंसं इंग्रजी एकटे तुम्ही लिहिता, असं तो पंतांना म्हणाला. त्याला मराठी चांगलं येत होतं, विचारलं असतं तर भागीचं म्हणणं पाच मिनिटांत कळलं असतं. पण इंग्रजी कागद इंग्रजीतच पुरा व्हायला हवा, त्याशिवाय हुकूम नाही. त्याने कोरा कागद आणि स्वतःचा टाक पंतांपुढे सरकवला. "इथेच नीट लिहा. आत्ता निकाल देतो."

पंतांनी टाक हातात घेतला. उभ्या आयुष्यात साहेबाने त्यांना टाक दिला नव्हता. पाठीमागे मुनशीचं तोंड पडलेलं मला दिसत होतं. पंत किंचित माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "भागीची नाचणी?"

"अजून निम्मी उभी आहे," मी म्हणालो.

त्यांनी टाक जपून खाली ठेवला, शाईचा डाग पडू दिला नाही. "जमत नाही, साहेब," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून डोकं चालत नाही. इंग्रजी विसरलो मी."

मी काही बोलणार तोच त्यांनी टेबलाआड माझं मनगट असं दाबलं की हाड दुखलं. साहेब चिडला. कागद भिरकावून म्हणाला, मग पुढच्या मुक्कामाला पाहू. शिरस्तेदार हसले, मुनशी तर मोठ्यानेच हसला आणि मागे वळून त्याने सगळ्यांना सांगितलं की म्हातारा संपला. संपलेच म्हणा. पंतांच्या ओटीवर अर्ज लिहून घ्यायला पुन्हा कोणी आलं नाही, आणि रानाची ती हद्द पुढच्या साली भागीची जमीन खाऊन कायम झाली. न्याय झाला नाही तो नाहीच.

पण त्या दिवशी तंबूबाहेर जोडा पायात सरकवताना पंत मला म्हणाले, "तिला सांगा, उद्याच कापायला घे. माणसं लाव, पण आठवडाभरात घरात आण म्हणावं." चार पावलं जाऊन ते परत वळले. "आणि रावजी, मी सांगितलं असं म्हणू नका. आजचं हसं तिच्यासाठी झालं असं कळलं तर तिला उगीच वाईट वाटेल."