सुभद्राकाकूंचा नाला

सुभद्राकाकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तुमचा सोफा नाल्यात हाये."

वाशीमबाहेरच्या या लेआउटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. पूर्वी इथून एक नाला वाहायचा आणि खालच्या तळ्याला मिळायचा. प्लॉट पाडणाऱ्याने मुरूम टाकून तो बुजवला. काकूंच्या डोक्यातून मात्र तो बुजला नाही. कोणी पत्ता विचारला की त्या सांगत, "पाटलाचं घर? नाला ओलांडा, उजव्या काठानं चाला." कुरियरवाला डांबरी रस्त्यावर उभा राहून काठ शोधायचा. वास्तुशांतीच्या पंगतीतही त्यांचं एकच पालुपद, "पानी वाट इसरत नाही, बाई." सगळे हसायचे. मीही.

भाद्रपदात एका दुपारी दोन तास पाऊस कोसळला आणि सोफा खरंच नाल्यात गेला. गल्लीत गुडघाभर पाणी. ते अडलं होतं काकूंच्याच कंपाउंडला. लोक नगरपालिकेला फोन लावत होते, तोवर काकू लोखंडी सब्बल घेऊन बाहेर आल्या.

"अवो काकू, तुमच्या पुण्याच्या पोरानं बांधून देल्ली भिंत हाये ते!" शेजारचे देशमुख ओरडले.

"मंग दुसऱ्याची कायले फोडू? धरा, पाहून कायले राह्यले?"

भिंत पडली. पाणी अंगणातल्या मिरच्यांसकट तळ्याकडे धावलं. काकूंनी ती भिंत पुन्हा बांधूच दिली नाही. अर्धं अंगण दिलं, आम्ही सगळ्यांनी मिळून तिथून चारी खोदली. डबक्याएवढं उरलेलं तळं पुढच्या पावसाळ्यात भरलं. काठाला पाणकणीस उगवलं, टिटव्या आल्या. सत्काराचं निघालं तेव्हा काकू म्हणाल्या, "शाल कायले? फावडं द्या."

परवा सकाळी तळ्यावर गेले तर काकू दगडावर बसून धुणं धूत होत्या. साबण कुठेच नव्हता. बादलीतली पातळं आधीच स्वच्छ होती, घड्यांच्या खुणा दिसत होत्या.

"घरी नळ हाय ना, काकू?"

"नळावर कोनी भेटत नाही व." त्यांनी हातातलं पातळ पिळलं. "पयले या काठावर आमी सात-आठ जनी राहो. नाला बुजला, मंग येनंच बंद झालं. कोनी लेकाकडं गेल्या, कोनी वर. म्हटलं, पानी आलं तं एखादी येईन."

मी घरी गेले. आलमारीतली धुतलेली चादर काढली, बादलीत टाकली आणि परत तळ्यावर आले. काकू दगडावर जराशा सरकल्या.