शुभ्र महालाचा मनसुबा व तो कैसा फिरला याची हकीकत

उंबरठ्यावरील देवता सकळांस सांभाळो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षापासून पुढे तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले जाते. राज्य म्हणजे दोन शयनगृहे, एक दिवाणखाना, एक मुदपाकखाना आणि पूर्वेस सज्जा. अधिपती वामनराव, टपालखात्यातून निवृत्त जाहलेले, आणि राणीसाहेब कुमुदिनीबाई. बाईसाहेबांचे बाळपण चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या भिंतींत गेले, तेव्हांपासून आपले घर एकदा दुधासारखे पांढरे असावे ऐसा मनसुबा त्यांनी मनी धरिला होता, आणि मुलीचे लग्न होऊन ती परमुलखी गेल्यावर तो सिद्धीस नेण्याचा योग आला. मग गृहसजावटीच्या विद्येत निपुण अशा केतकी रणपिसे यांस बोलावणे गेले, आणि त्यांनी पांढरी भिंत, पांढरी चकाकती फरशी, पांढरा ओटा आणि मुठी न दिसणारी पांढरी कपाटे ऐसा नकाशा मांडिला, आणि बाईसाहेब बहुत संतोष पावल्या, आणि वामनराव दाखविल्या नमुन्यास "वा, छान" म्हणत गेले.

मग जुन्या फरश्या उखडल्या, धुळीचे लोट उठले, आणि एके दिवशी ओटा पसंत करण्यास उभयतां केतकीबाईंच्या दालनात गेली. तेथे नमुन्यादाखल एक अवघा शुभ्र मुदपाकखाना उभा केला होता. बाईसाहेब त्यावरून हात फिरवीत होत्या, आणि वामनरावांनी हातचा चहाचा कप ओट्यावर ठेवावयास नेला, आणि ओटा जेथे संपला होता त्याच्या पुढे पोकळीत सोडिला. कप फुटला. "हात निसटला," म्हणोन वामनराव हसले. परंतु बाईसाहेबांनी पाहिले की त्यांचा दुसरा हात ओट्याची कड चाचपीत होता.

परतताना रिक्षेत बाईसाहेब म्हणाल्या, "कधीपासून दिसत नाहीये नीट?"

वामनराव म्हणाले, "काचबिंदू आहे. रोज थेंब घालतोय. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं, असं डॉक्टर म्हणाले."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू पांढरं घर केलंच नसतंस. पांढऱ्यावर पांढरं मला वेगळं कळत नाही."

हे ऐकोन बाईसाहेबांस राग आला, आणि रागाखाली लाज आली, की आपण पांढऱ्याच्या नाना छटा यांच्यापुढे धरिल्या आणि यांच्या डोळ्यांकडे एकवार पाहिले नाही. त्या घरी येऊन सिमेंटच्या गोणीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकोन रडल्या. मग केतकीबाईंस बोलावून आज्ञा जाहली की पांढरे रद्द. तेव्हां वामनरावच उसळले. "मी आंधळा नाही! माझ्यासाठी घराचा दवाखाना करू नका."

बाईसाहेब म्हणाल्या, "दवाखाना कशाला होईल? आणि घर माझंही आहे. तुम्ही रोज भिंती चाचपत फिरणार आणि मी ते बघत बसणार, असल्या घरात मला राहायचं नाही."

केतकीबाईंनी नकाशा गुंडाळोन बाजूस ठेविला आणि म्हणाल्या, "काका, चूक माझी. मी काकूंना सगळं विचारलं, तुम्हाला काहीच विचारलं नाही. आता तुम्ही सांगा." आणि त्या रंगीत फळ्या घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या, कधी उजेडात, कधी दिवे लावून, आणि वामनराव प्रथम रुसल्या स्वरात आणि मग आपसूक मन लावून सांगो लागले: ही दिसते, ही भिंतीत विरते, ही लांबूनही कळते. त्याप्रमाणे काम चालिले. भिंती पांढऱ्याच राहिल्या, परंतु ओटा गडद निळ्या दगडाचा जाहला, दारांच्या चौकटी हळदी रंगाच्या, दिव्यांची बटणे काळी, फरशी न चकाकणारी, कपाटांस हातात भरतील ऐशा पितळी मुठी, आणि सज्ज्याच्या पायरीस रुंद तांबडी पट्टी. आणि नवल ऐसे की निळ्याशेजारी पांढरे अधिकच पांढरे दिसो लागले. बाईसाहेब ते पाहत उभ्या राहिल्या.

मग वास्तुशांत जाहली, पाहुणे येऊन वाखाणणी करोन गेले. दुसरे दिवशी सकाळी बाईसाहेब सज्ज्यात बसल्या होत्या, तो वामनराव शयनगृहातून निघाले, दिवाणखाना ओलांडिला, हात मोकळे, चाल सावकाश. पायरीपाशी क्षणभर थांबले. बाईसाहेबांस धावून हात धरावा ऐसे वाटले, परंतु त्या खुर्चीचे हात घट्ट धरोन बसोन राहिल्या. वामनरावांनी पाऊल टाकिले, उतरले, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "ऊन छान आलंय."

येणेप्रमाणे हकीकत आहे. पुढे त्यांची दृष्टी आणिक मंदावली, ते टळले नाही. परंतु आपल्या मुलखात त्यांस वाट कोणास दाखवावी लागली नाही, आणि बाईसाहेबांनीही ती कधी दाखविली नाही. इति.